इर्जिक आणि भाड्याचे बैल

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून इर्जिक नावाची एक चाल होती. एखाद्याची नांगरट मागे पडली, घरात माणूस आजारी असला किंवा बैल दगावला, की गावातले दहा-वीस लोक आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या रानात उतरत. मजुरी कोणी मागायची नाही आणि कोणी द्यायचीही नाही. दुपारी सर्वांना पोटभर जेवू घालायचे, एवढाच व्यवहार. महिन्याचे काम एका दिवसात उरके. ह्या चालीची आठवण मला झाली ती एका अगदी निराळ्याच रानाचा इतिहास वाचताना. ते रान गणिताचे आहे, आणि तिथे जुंपलेले बैल म्हणजे घरोघरचे संगणक. ती इर्जिक १९९६ मध्ये सुरू झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे तिने कोणालाही हार मानली नाही. मग एक गृहस्थ भाड्याचे बैल घेऊन त्या रानात उतरला.

पण आधी रान कसले, ते सांगायला हवे. माझे गणित मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, त्यामुळे वाचकांनी घाबरण्याचे कारण नाही. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. आता नुसते एकूण दाणे मोजू. दोन घरे भरली की ३ दाणे होतात, तीन घरे भरली की ७, पाच भरली की ३१, सात भरली की १२७. ह्या साऱ्या मूळ संख्या आहेत. म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः, ह्यांखेरीज त्यांना कशानेही पुरता भाग जात नाही. वाटेल, घरांचा आकडा मूळ घेतला की दाण्यांचाही मूळच येणार. पण अकरा घरे भरून पाहा. दाणे होतात २,०४७ आणि ते निघतात २३ गुणिले ८९. घर फसले! किती घरांचा पट घेतला तर दाण्यांची बेरीज मूळ येते, ह्याला आजतागायत कोणतेही सरळ सूत्र सापडलेले नाही. एकेक पट मांडून पाहावा लागतो.

मारिन मर्सेन नावाच्या एका फ्रेंच साधूने १६४४ मध्ये अशा पटांची एक यादी छापली, म्हणून ह्या संख्यांना त्याचे नाव मिळाले. यादी चुकीची होती, पण चुकीच्या यादीनेही माणसे कामाला लागतात. तिच्यात ६७ घरांचा पट मूळ म्हणून दिलेला होता. १९०३ साली अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक उठले, फळ्याशी गेले आणि एक शब्दही न बोलता १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने हाताने गुणून दाखवून खाली बसले. गुणाकार ६७ घरांच्या दाण्यांइतकाच आला. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे शोधायला किती दिवस लागले, असे विचारल्यावर त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिले, असे सांगतात. शाळेत अंकगणित शिकवता शिकवता घरी संख्यांशी खेळत बसणारे देवळालीचे द. रा. कापरेकर गुरुजी ज्यांना आठवत असतील, त्यांना ह्या रविवारांचे मोल वेगळे सांगायला नको. हे काम मुळात घरचे होते. वही, दौत आणि सुटीचा दिवस एवढेच त्याचे भांडवल.

मग यंत्रे आली आणि काम घरातून गेले. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या एका सरकारी संस्थेतल्या यंत्राने एकाच दिवसात ५२१ आणि ६०७ घरांचे असे दोन पट काढले. त्यासाठीची आज्ञावली राफेल रॉबिन्सन ह्यांनी यंत्र न पाहता, नुसती त्याची पुस्तिका वाचून लिहिली होती. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे हे रान मोठ्या यंत्रांच्या मालकांचे झाले. मधेच १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि लँडन नोल ह्या अठरा वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या संगणकावर एक पट काढला. शाळामास्तर म्हणून ही गोष्ट मी वर्गात दोनदा सांगितली आहे आणि पुन्हा सांगीन. पण यंत्र विद्यापीठाचे होते, हेही खरे. त्यानंतर डेव्हिड स्लोविन्स्की आणि त्यांचे सोबती क्रे कंपनीच्या महासंगणकांवर उच्चांकामागून उच्चांक करीत राहिले. त्यांचा शेवटचा उच्चांक सप्टेंबर १९९६ चा. संख्येत ३,७८,६३२ अंक होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत फ्लोरिडातले एक आज्ञावलीकार, जॉर्ज वोल्टमन, ह्यांनी एक साधी गोष्ट केली होती. पट तपासण्याची एक अतिशय वेगवान आज्ञावली लिहून ती त्यांनी कोणालाही फुकट देऊ केली. प्रत्येक पट स्वतंत्र असतो. माझा पट तपासायला तुमच्या पटाच्या उत्तरावाचून काही अडत नाही. इर्जिकीला असेच रान लागते: ज्याचे त्याचे तास निराळे, कोणी कोणाची वाट पाहायची नाही. ज्याच्या घरी संगणक आहे त्याने एक पट मागून घ्यावा, आपण निजलो की यंत्राला तो चघळू द्यावा, आणि उत्तर कळवावे. क्रेच्या उच्चांकाला अडीच महिनेही झाले नव्हते, तोच १३ नोव्हेंबर १९९६ रोजी फ्रान्समधल्या जोएल आर्मांगो ह्यांच्या साध्या घरगुती यंत्रावर ४,२०,९२१ अंकांची मूळ संख्या सापडली. कोट्यवधींच्या महासंगणकाला टेबलाखालच्या डब्याने हरवले.

पुढची कथा मला कादंबरीसारखी वाटते. १९९९ मध्ये मिशिगनमधल्या नयन हजरतवाला ह्यांच्या घरच्या यंत्राला एक पट तपासायला १११ दिवस लागले. मिळालेली संख्या वीस लाख अंकांच्या वरची पहिलीच होती आणि तिच्याबद्दल त्यांना ५०,००० डॉलरचे पारितोषिक मिळाले. नाव आणि आडनाव दोन्ही आपल्या शेजारच्या गुजरातेतले. टेनेसीतले जोनाथन पेस चौदा वर्षे यंत्रे चालवीत राहिले आणि २०१७ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना फळ मिळाले. उलट पॅट्रिक लारोश ह्यांना २०१८ मध्ये अवघ्या चौथ्या पटाला यश आले. देवाच्या घरचा न्याय असाच! सर्वांत गंमत कर्टिस कूपर ह्या मिसूरीतल्या प्राध्यापकांची. त्यांच्या यंत्राने १७ सप्टेंबर २०१५ रोजीच उत्तर काढून ठेवले होते, पण तो निरोप कोणाच्या नजरेस पडला नाही. जानेवारी २०१६ मध्ये झाडलोट करताना तो सापडला. जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जवळजवळ चार महिने तशीच पडून होती. शोधाची तारीख मात्र माणसाने पाहिल्याची धरली गेली, आणि ते मला योग्य वाटते.

ह्याच सुमारास दुसऱ्या रानांतही इर्जिकी पडल्या. मे १९९९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने आकाशातले रेडिओचे आवाज घरोघरच्या यंत्रांकडून चाळून घ्यायला सुरुवात केली. त्यात पन्नास लाखांवर माणसे सामील झाली आणि ३१ मार्च २०२० ला ते वाटप थांबले. परके कोणी बोलले नाही. २००० मध्ये स्टॅनफर्डहून सुरू झालेल्या प्रथिनांच्या घड्या उलगडण्याच्या कामाला मात्र महासाथीच्या २०२० सालात एवढे लोक धावून आले की सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींची मजल त्याने ओलांडली. तोवर जगातल्या कोणत्याही एका महासंगणकाला ते जमलेले नव्हते.

घरी यंत्र बांधणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे, कारण बैल म्हटला की चारा आलाच. तीनशे वॉट खाणारे यंत्र रात्रंदिवस चालवले तर दिवसाला सात युनिटच्या वर आणि महिन्याला सुमारे २१६ युनिट वीज जाते. दहा रुपये युनिट धरला तर दोन हजारांवर बिल आले, आणि घरातल्या कर्त्या बाईला ‘अहो, हे मूळ संख्येसाठी आहे’ हे पटवून देणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. बर्फाळ मुलखात तिच्यावर माणसे खोली ऊबदार ठेवतात; आपल्या मे महिन्यात तीच खोली भट्टी होईल. मात्र स्वतः यंत्र जुळवणाऱ्या माणसाला त्याचे अंतरंग कळते. वोल्टमन ह्यांची आज्ञावली यंत्राला इतकी घाम फोडणारी आहे, की नवे यंत्र बांधणारे लोक ते पक्के आहे की नाही हे तिच्यावरच तपासून घेतात. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या नव्या प्रोसेसरमधला एक दोष ह्या हौशी मंडळींच्या आकडेमोडीतूनच उजेडात आला. प्रचंड मूळ संख्यांचा व्यवहारात उपयोग नाही म्हणणाऱ्यांना मी एवढेच उत्तर देतो.

आता भाड्याचे बैल. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या संगणकांचा वेळ तासाला दहा सेंट दराने कोणालाही द्यायला काढला. ह्या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव कोण्या कवीने ठेवले असावे. प्रत्यक्षात ढग वगैरे काही नाही, शीतयंत्रे घुमणारी अवाढव्य गोदामे आहेत. भाड्याचा हिशेब शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. चार दिवसांचे काम असेल तर भाड्याचा बैल बरा. बारा महिने नांगरायचे असेल तर भाड्यात दोन बैल विकत येतात. म्हणून हौशी माणसे वर्षानुवर्षे घरचीच यंत्रे पाळत आली.

हा हिशेब ल्यूक ड्युरंट ह्यांनी मोडला, म्हणजे परवडतो की नाही हे न पाहता मोडला. हे पूर्वी चित्रकार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ह्या खटपटीत आले आणि १७ देशांतल्या २४ ठिकाणच्या गोदामांतली चित्रकार्डे भाड्याने घेऊन त्यांनी सारी एका दावणीला बांधली. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका कार्डाने ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या कार्डाने तो पक्का केला. पट होता १३,६२,७९,८४१ घरांचा. त्याच्या दाण्यांचा आकडा लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. पानावर तीन हजार अंक छापले तर अडीचशे पानांचे चौपन्न-पंचावन्न दिवाळी अंक भरतील. खर्च सुमारे वीस लाख डॉलर, म्हणजे आपले सोळा-सतरा कोटी, त्यांच्या खिशातून गेल्याचे वर्तमानपत्रांत आले. पारितोषिक मिळाले ३,००० डॉलरचे, आणि तेही त्यांनी अलाबामातल्या आपल्या जुन्या शाळेला द्यायचे ठरवले.

अशा माणसाला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. त्यांनी कोणाचे रान बळकावले नाही. इर्जिकीतल्या इतरांसारखेच ते पट मागून घेत होते, उत्तरे सर्वांना खुली होत होती. शिवाय ज्याच्याजवळ घरही धड नाही, अशा मुलालाही आज तासाभराचे यंत्र भाड्याने मिळू शकते, हे क्रेच्या काळात कुठे होते? तरीही मला हळहळ वाटते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सोळा कोटींच्या दावणीपुढे, माडीवरच्या खोलीत रात्रभर घुमणाऱ्या एका यंत्राची पाळी येणार कधी? पेस ह्यांची चौदा वर्षे आशेवर निघाली होती. सोडतीत एकच माणूस हजारो तिकिटे घेऊ लागला, की एक तिकीट घेणाऱ्याची संधी कायद्याने तेवढीच राहते, पण त्याचा हात खिशाकडे पूर्वीइतक्या सहज जात नाही.

मात्र एक काम असे आहे की त्यात उच्चांक नाही, पारितोषिकही जवळजवळ नाहीच. पूर्वी प्रत्येक पट दोन निरनिराळ्या यंत्रांकडून तपासून घेत, कारण घरची यंत्रे तापतात आणि क्वचित हिशेबात चुकतात. २०२० पासून उत्तराबरोबरच त्याचा पुरावा पाठवण्याची युक्ती निघाली; त्यामुळे नव्या पटांची दुबार मेहनत जवळजवळ वाचली. पण जुन्या पटांचे दुसरे कुळव अजून राहिलेले आहेत. ड्युरंट ह्यांची संख्या सापडलेल्यांत ५२ वी. क्रमानेही ती ५२ वीच आहे का, की मधे एखादी लहान संख्या कोणाच्या यंत्राच्या चुकीने निसटून गेली आहे, हे ते सारे पट पुन्हा पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. ते पट आजही, एकेक करून, मागेल त्याला दिले जातात.