चुलीचं नाव

सारं आयुष्य मुलांची वाक्यं तपासण्यात गेलं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय करार वाचतानाही माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं.

१९९२ साली रिओच्या परिषदेत हवामानबदलाच्या मूळ करारावर सह्या झाल्या. त्यात कोळसा-तेल-वायू या जीवाश्म इंधनांचा उल्लेख आहे, पण कसा? ज्यांचं पोट या इंधनांवर आहे, त्या देशांच्या अडचणींचा विचार व्हावा, असा! १९९७च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांना उत्सर्जन घटवण्याचे आकडे बांधून दिले. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी दिली नाही. २०१५च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली, जमल्यास दीड अंशावर रोखायचं ठरलं. आणि त्या अख्ख्या करारात 'जीवाश्म इंधन' हा शब्दच नाही. धुराची एवढी चर्चा, पण चुलीचं नाव कोणी घेईना!

२०२१ साली ग्लासगोत कोळशाचं नाव आलं. मसुद्यात कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने 'बंद करणं' होतं. अगदी शेवटी भारताच्या आग्रहावरून ते 'कमी करणं' झालं. अध्यक्ष आलोक शर्मा, मूळचे आग्र्याचे, दिलगिरी व्यक्त करताना त्यांचा कंठ दाटून आला. जगाने भारताला बोल लावला. मला तो अर्धाच पटतो. आपली जवळपास ७० टक्के वीज कोळशाची. आणि श्रीमंतांच्या तेल-वायूचा वापर घटवण्याबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नव्हता. दंगा साऱ्या वर्गाचा आणि छडी एकालाच? पण हा युक्तिवाद औष्णिक केंद्राच्या धुरात राहणाऱ्या चंद्रपूरकराला सांगायची माझी हिंमत नाही.

अखेर २०२३ साली, तेही दुबईत, सगळ्याच जीवाश्म इंधनांपासून 'दूर जाणं' असे शब्द निर्णयात आले. किती वेगाने, कोणी आधी, हे मोघमच राहिलं. २०२५ला ब्राझीलमधल्या बेलेमच्या मुख्य निर्णयात तर जीवाश्म इंधनांचं नाव पुन्हा गायब!

कोणी म्हणेल, शब्दांनी काय होतं? मंडळी, शब्दांनी काही होत नसतं, तर ते टाळण्यासाठी इतक्या रात्री कोणी जागवल्या असत्या का? एकदा लिहिलेलं वाक्य पुढे करून जाब तरी विचारता येतो.

१९९२ साली माझ्या वर्गात पाचवीला असलेल्या मुलांची मुलं आता दहावी-बारावीला आहेत. एका क्रियापदाला एवढा काळ लागला.