सोलापूर ते मुंबई : अंतर आणि वेळ



मुंबई किती दूर, असें सोलापुरांत कोणासही विचारा. तो मैल सांगणार नाहीं. "रात्रीं गाडींत बसलें कीं सकाळीं मुंबई," हेंच उत्तर मिळेल. अंतर आपण वेळेनें मोजतों, आणि या वेळेलाहि एक इतिहास आहे.

लोहमार्ग सोलापुरास १८६० सालीं पोंचला. तत्पूर्वीं हा प्रवास मुक्काम करीत करीत, दिवसांच्या हिशेबानें होत असे. परंतु आगगाडी आली म्हणून वाट अखंड झाली असें नव्हे. बोरघाट अद्याप फुटला नव्हता. खंडाळ्यास उतरावें, पालखीनें वा तट्टावरून घाट उतरावा आणि खालीं पुन्हां गाडी गांठावी, असा क्रम होता. १८६३ च्या एप्रिलांत पंचवीस बोगद्यांचा घाटमार्ग खुला झाला, तेव्हां कोठें सलग प्रवास घडूं लागला. त्या कामावर अपघातानें व रोगराईनें हजारों मजूर दगावले. आपले वांचलेले तास त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजेत.

आतां विमानाकडे वळूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस हवाई टपाल आणलें; पुढें तें बल्लारीवरून मद्रासला गेलें. सोलापूर बाजूस राहिलें तें दीर्घकाळ. अलीकडे विमानाच्या वाटेंत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. ती पाडावी कीं राखावी, यावर शहर व ऊंसकरी शेतकरी यांच्यांत वर्षानुवर्षें वाद चालला. १५ जून २०२३ रोजीं ती पाडण्यांत आली. विमानसेवेची मागणी रास्त होती, तसेंच ज्यांच्या घामावर तो कारखाना उभा राहिला त्यांचें दुःखहि खरें होतें.

२०२५ च्या जूनमध्यें गोव्यास आणि १५ ऑक्टोबरला, टाटांच्या उड्डाणास बरोबर ९३ वर्षें होत असतां, मुंबईस विमान सुरू झालें. रेल्वेनें मुंबई ४५५ किलोमीटर पडते. सरळ रेषेंत सुमारें ३६०. म्हणजे अंतर पांचव्या हिश्शानें घटतें. बाकीची बचत वेगाची. आकाशांतला वेळ तासाभराच्या आसपास. परंतु होटगी रस्त्यापर्यंत जाणें, तपासणी, आणि उतरल्यावर मुंबईची गर्दी हें सारें धरल्यास उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत चार तास सहज लागतात. तरीहि वेळ वांचतो, हा लाभ लहान नव्हे.

रेल्वे आल्यावर सतराच वर्षांनीं, १८७७ सालीं, सोलापुरांत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि हजारों घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. विमानाचा हिशेबहि आपण असाच मांडूं या: किती मिनिटें वांचलीं यापेक्षां, तीं वांचल्यानें किती चुली पेटल्या, हें पाहूं या. घाटांतल्या मजुराचें आणि पडलेल्या चिमणीचें ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाहीं.