एका लोखंडी पेटीची बखर

मुंबईच्या गोदीचे जुने दिवस ज्यांनी पाहिले असतील, त्यांच्या कानांत तेथला गलका अजून घुमत असेल. बोट धक्क्याला लागली की मुकादमामागून टोळी तिच्या पोटात उतरे. कापसाचे गठ्ठे, धान्याची पोती, चहाची खोकी, लोखंडाच्या कांबी असा नाना परींचा माल आकड्यांनी ओढून, पाठीवर घेऊन, यारीला टांगून वर निघे. एकेका बोटीपायी दिवसांमागून दिवस जात. प्रिन्सेस डॉक १८८० साली, व्हिक्टोरिया १८८८ साली आणि अलेक्झांड्रा १९१४ साली झाला. गोद्या वाढल्या, पण कामाची रीत तीच राहिली. आणि ती केवळ मुंबईचीच नव्हे. लंडन, न्यूयॉर्क, रॉटरडॅम येथेही हाच देखावा होता.

बोट चालते तेव्हा कमावते आणि उभी राहते तेव्हा खाते. हे गणित दर्यावर्दी लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यावरचा उतारा सापडला तो एका ट्रकवाल्याला, ही या बखरीतील पहिली मौज.

माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना प्रांतातला गृहस्थ. १९३७ साली कापसाचे गठ्ठे घेऊन आपण बंदरावर दिवसभर खोळंबलो, आणि तेव्हाच ही कल्पना डोक्यात आली, असे तो पुढे सांगत असे. गोष्ट खरी असो वा मागाहून रंगवलेली असो, कल्पना मात्र अस्सल होती. ट्रकमधला माल नगानगाने बोटीत भरण्याऐवजी ट्रकची पेटीच उचलून बोटीवर का ठेवू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाची, महायुद्धातील तेलवाहू बोट डागडुजी करून तयार केलेली, ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाली. सुटा माल बोटीत चढवायला टनाला जवळजवळ ६ डॉलर पडत. या पेट्यांचा हिशेब निघाला टनाला सुमारे १६ सेंट!

पण नुसत्या पेटीने काय होणार? प्रत्येकाची पेटी निराळ्या मापाची असती, तर यारीने ती पकडायची कशी? येथे कीथ टँटलिंगर या अभियंत्याचे नाव घेतले पाहिजे. पेटीच्या कोपऱ्यांत एक पोकळ ठोकळा आणि त्यात फिरवून अडकणारे कुलूप, अशी योजना त्याने केली. तिचे पेटंट साऱ्या जगाला मोकळे करावे, असा आग्रह त्याने मॅक्लीनपाशी धरला आणि मॅक्लीनने तो मानला. १९६८ पासून आंतरराष्ट्रीय मापे ठरत गेली, आणि एका बंदरातली पेटी कोणत्याही बंदरातल्या यारीला चालू लागली. वेगाचे खरे मूळ यंत्राच्या बळापेक्षा या एकवाक्यतेत होते. दरम्यान १९५९ साली कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे खास पेट्यांसाठी उभारलेली यारी तीन मिनिटांना एक पेटी उचलू लागली होती.

मे १९६६ मध्ये 'फेअरलँड' बोट पेट्या घेऊन रॉटरडॅमला लागली. त्या बंदराने पेटीचे भविष्य लवकर ओळखले. मात्र यारी जलद झाली तशी अडचण धक्क्यावरून मागल्या आवारात सरकली. ही अडचण आपल्या गृहिणींना सांगायला नको. फराळाचे डबे एकावर एक रचावेत, आणि पाहुणे आले असता नेमका तळाचा अनारशांचा डबा हवा असावा! वरचे चार डबे उतरवल्यावाचून तो निघत नाही. बंदरात अशा हजारो पेट्या. कोणती आधी जाणार, कोणती जड, कोणत्या बोटीची, हे माणसाच्या ध्यानी राहणे अशक्य. म्हणून हिशेब संगणकाकडे गेला. १९९३ साली रॉटरडॅमच्या मासव्लाक्टे भागात चालकाविना धावणाऱ्या गाड्या आल्या. जमिनीत पुरलेल्या खुणांवरून वाट ओळखत त्या पेटी नेऊन पोहोचवीत, आणि आवारातल्या याऱ्या माणसावाचून थर रचीत. २०१५ साली तेथेच उघडलेल्या नव्या धक्क्यावर तर यारीच्या खोलीतला माणूसही उतरला आणि कचेरीत पडद्यासमोर जाऊन बसला.

मग त्या आकडेवाल्या हातांचे काय झाले? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस याने १९६० साली एक करार केला. यंत्र येणारच, तर त्यातून होणाऱ्या बचतीत आमचाही वाटा हवा, हे त्याचे सूत्र. मालकांनी दरवर्षी ५० लाख डॉलर एका निधीत भरावे, नोंदलेल्या कामगारास काढू नये आणि वडीलधाऱ्यांना मानाने निवृत्त होऊ द्यावे, असे ठरले. त्याच्यावर टीकाही झाली. नोंदणीबाहेरच्यांच्या हाती काय लागले, हा प्रश्न उरलाच. जानेवारी २०१६ मध्ये रॉटरडॅमचे कामगार २४ तास संपावर गेले, तेव्हा वाद तोच होता. पुढे तडजोड झाली ती २०२० च्या मध्यापर्यंत सक्तीची कपात न करण्याची.

आणि दुसरी मौज अशी की, सगळी माणसे हटवली म्हणजे काम जलद होतेच असे नाही. यंत्रचलित बंदरे साध्या बंदरांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक कार्यक्षम नसतात, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०२१ साली दिला. ठरल्या चाकोरीत यंत्र थकत नाही हे खरे. पण वारा सुटला, बोट उशिरा आली, पेटीचा कोपरा वाकला, की अनुभवी माणसाची नजर आठवते.

मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा आणि शेवा या गावांच्या नावाने १९८९ साली नवे बंदर सुरू झाले, आणि पेट्यांचा ओघ हळूहळू तिकडे वळला. जुन्या गोदीतला गलका ओसरला. या दिवाळीत आपल्या घरी आलेली एखादी वस्तू अशाच पेटीतून आली असेल. तिला हात लागले असतील ते फार थोडे. पण बोटीवर चढून पेट्या जखडणारा आणि ते कोपऱ्याचे कुलूप सोडवणारा हात रॉटरडॅमच्या त्या अद्ययावत धक्क्यावरही अजून माणसाचाच आहे. फराळाचे ताट पुढे ओढताना त्याची आठवण असावी.