कृशता, स्थूलता आणि विषाद : एका समजुतीचा इतिहास

दुःखाने माणूस वाळतो, ही समजूत मराठीत खोल रुजलेली आहे. 'झुरणे' या एकाच क्रियापदात मनाची व्यथा व देहाची झीज यांची गाठ पडलेली आहे. 'काळजीने खंगणे', 'खाल्लेले अंगी न लागणे' हे प्रयोगही त्याच जातीचे. उलटपक्षी, अंगाने भरलेला माणूस सुखी असावा, असे आपण धरून चालतो. चिनी भाषेतही वजन वाढलेल्या प्रौढास 'फाफू', म्हणजे भाग्य फळास आलेला, असे म्हणण्याचा प्रघात आहे.

शास्त्रीय मोजमापातही हा एकेरीपणा आढळतो. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली विषादाची तीव्रता मोजण्यासाठी जी श्रेणी सिद्ध केली, तीत वजन घटण्यास गुण होते, वाढण्यास नव्हते. १९८० साली अमेरिकन मनोरोगचिकित्सकांच्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत घट व वाढ या दोहोंना लक्षण म्हणून स्थान मिळाले.

तत्पूर्वी, १९७६ साली, क्रिस्प व मॅकगिनिस यांनी लंडनच्या एका उपनगरातील पाहणी प्रसिद्ध केली. स्थूल स्त्रीपुरुषांत चिंताग्रस्तता कमी आढळली. विषाद मात्र केवळ पुरुषांतच कमी होता. 'आनंदी लठ्ठ' हे गृहीतक येथून रूढ झाले. हाँगकाँगमधील चिनी वृद्धांच्या २००४ सालच्या पाहणीने त्यास पुष्टी दिली. तथापि २०१० साली लुप्पिनो व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन पाहण्यांचे एकत्र परीक्षण केले, तेव्हा स्थूलतेमुळे विषादाचा व विषादामुळे स्थूलतेचा संभव वाढतो, असे दिसून आले. स्थूलतेमागून येणारा विषाद युरोपीयांपेक्षा अमेरिकनांत अधिक होता.

या भेदाचे श्रेय 'फाफू'सारख्या शब्दास देण्याचा मोह भाषाभ्यासकाने आवरला पाहिजे. वार्धक्यात अन्य रोगांनीही देह कृश होतो आणि मन खचते; तेव्हा स्थूल वृद्ध तुलनेने सुखी दिसणे स्वाभाविक आहे. वाक्प्रचार हा समाजाच्या अपेक्षेचा पुरावा होय, रोगाचा नव्हे.

परंतु अपेक्षेचेही परिणाम होतात. जो दुःखाने झुरत नाही, उलट स्थूल होत जातो, त्याच्या दुःखासाठी मराठीत रूढ क्रियापद नाही. त्यामुळे ते आप्तांच्या, क्वचित् वैद्यांच्याही, ध्यानात येत नाही. मानसरोगविषयक प्रश्नावल्या मराठीत आणताना 'वजन घटले काय?' या प्रश्नाशेजारी 'वाढले काय?' हा प्रश्न तितक्याच स्पष्टपणे विचारला जावा, एवढेच या टिपणाचे तात्पर्य.