संमेलनाचा मांडव आणि आपले नवोदित

नवोदित लेखक संमेलनाला का जातो? अध्यक्षीय भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतेच. पुस्तके दुकानातही मिळतात. तरी शनिवार-रविवार गाठून, रात्रीच्या एसटीने प्रवास करून, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपून आमची पोरे संमेलनाला जातात. कविसंमेलनात आपले नाव कधी पुकारले जाईल, याची वाट पाहत वही मांडीवर घेऊन बसतात. या जाण्याला एक इतिहास आहे, आणि आम्हा मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांसाठी तो जरा वेगळा आहे.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत पहिली सभा भरली. तिचे नावच ग्रंथकारांचे संमेलन. म्हणजे ज्यांच्या नावावर ग्रंथ आहेत, त्यांची ती बैठक. १८८५ साली दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना गेले, तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. जे माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेत आमचे लोक मिसळणार नाहीत, हा त्या पत्राचा आशय. मराठीत संमेलनाइतकाच संमेलनाबाहेर राहण्याचाही वारसा आहे, तो इथपासून.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटन केले अण्णाभाऊ साठ्यांनी, ज्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. ग्रंथकाराची जुनी व्याख्या तिथे मोडली. गिरणीतला, चाळीतला माणूस लेखक असू शकतो, हे मांडवातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या वाट्याला हा दिवस १९९० साली आला. त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. पुण्याच्या ६३ व्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते. पहिल्या सभेनंतर ११२ वर्षांनी त्या खुर्चीवर मुस्लिम घरातला पहिला माणूस बसला. संतसाहित्य आणि महानुभाव वाङ्मय यांवर आयुष्य घातलेल्या अभ्यासकाचा तो सन्मान होता. आणि सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (१९३८-२०१८) यांच्यासारखी माणसे त्या चळवळीमागे उभी होती.

पठाणसर अध्यक्ष होऊ शकतात, तर वेगळे संमेलन कशाला, असे तेव्हाही विचारले गेले, आजही विचारले जाते. आमचे म्हणणे असे की, खुर्ची एकाची असते, मांडव अनेकांचा असतो. शिवाय सोलापूरचे संमेलन मराठीपासून दूर जाण्यासाठी भरलेच नव्हते. मराठी आमचीही आहे, हे मराठीतूनच सांगण्यासाठी भरले होते.

हे सांगावे का लागले? कारण आमच्या नवोदिताला दोन्हीकडून हटकले जाते. घरच्या बाजूने, "उर्दू सोडून मराठीत का लिहितोस?" बाहेरच्या बाजूने, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" दुसरे वाक्य कौतुकाचे असते, पण जिथे जन्मलो त्या गावात पाहुणा ठरवणारे असते. घरात दखनी, शाळेत मराठी अशा दोन बोलींत वाढलेल्या पोराने कथा लिहायला घेतली की पहिल्याच ओळीत अडतो. अम्मीची आई करायची का? जनाजा लिहिला तर वाचकाला कळेल का? खरे तर कागद, कलम, दौत, शाई हे लेखकाचे सगळे सामानच मराठीने फारसी-अरबीतून घेतलेले. पण हे एकट्याने खोलीत बसून समजत नाही. खाला, दस्तरखान, फातिहा हे शब्द कुणी व्यासपीठावरून अर्थ न सांगता वाचतो, आणि पुढे बसलेली माणसे नेमक्या जागी हसतात, नेमक्या जागी गप्प होतात, तेव्हा ते समजते. संमेलन नवोदिताला देते ते हे.

म्हणून आता संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या की काळजी वाटते. उद्घाटन, सत्कार, मान्यवरांची मनोगते यांत पहिला दिवस सरतो. नवोदितांचे वाचन शेवटी, मांडव रिकामा होत असताना. कविता वाचायला निदान वेळ मिळतो, कथा वाचायला तोही नाही. दूरच्या तालुक्यातून आलेल्या मुलीला शेवटची एसटी गाठायची असते. ती न वाचताच उठते. हिराबागेत ग्रंथ नसलेल्यांना जागा नव्हती. आमच्या मांडवात ती मिळते, पण उशिरा, आणि उशिरा मिळालेली जागा नसल्यासारखीच.

उपाय साधा आहे. नवोदितांचे वाचन पहिल्या दिवशी सकाळी ठेवावे, सत्कार संध्याकाळी. कथेला पंधरा मिनिटे द्यावीत. आणि आम्ही ज्येष्ठांनी त्या वेळी चहाच्या टेबलाकडे न जाता पहिल्या रांगेत बसून ऐकावे.