परक्या घरचे पान : शालेय विद्यार्थ्यांच्या परदेशवासाचा इतिहास

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की आपल्या ज्ञातीतील पुष्कळशा घरांतून अलीकडे एक नवी चर्चा ऐकू येऊ लागते. नववी ते बारावीच्या मुलामुलींनी सुट्टीत परदेशातील एखाद्या उन्हाळी वर्गास जावे काय, वर्षभर तेथील शाळेत राहून शिकावे काय, त्यास खर्च किती येतो, पुढे त्याचा उपयोग काय, असे प्रश्न पालक मंडळाच्या कार्यकर्त्यांस विचारतात. शिष्यवृत्तिनिधीकडे येणाऱ्या अर्जांतही अशा अर्जांची भर पडू लागली आहे. या प्रश्नांना व्यवहारी उत्तरे आहेत व ती पुढे दिलीही आहेत. परंतु कोणतीही प्रथा नीट समजून घ्यावयाची, तर ती कोणी व कोणत्या हेतूने सुरू केली हे आधी पाहावे लागते. शाळकरी वयातील मुलांच्या परदेशवासाचा इतिहास जो पाहील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. या इतिहासात जाणाऱ्यांची नावे पुष्कळ आढळतात. पण तो घडविला, तो त्यांना आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या माणसांनी.

आपल्याकडे या कथेचा आरंभ निषेधाने झाला. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जात होते, आणि तो निषेध अमलात आणण्याचे काम ज्ञातिसंस्थांकडेच असे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा, नुकताच मॅट्रिक झालेला तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली व तिने त्यास जातिबाहेर ठरविले. त्यास मदत करणारासही दंड फर्मावण्यात आला. आज हे वाचताना आपणांस हसू येईल. परंतु एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट नमूद करताना थोडे अंतर्मुखही झाले पाहिजे. ज्या प्रकारच्या सभांनी एके काळी तरुणांची वाट अडविली, तशाच सभा आज त्याच वाटेसाठी शिष्यवृत्त्या देत आहेत. हा पालट मोठा आहे. तो पूर्ण झाला आहे काय, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

गांधींच्या आधी पाच वर्षे, १८८३ च्या एप्रिलमध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस जावयास निघाल्या. त्यांचेही वय अठराच होते. पती गोपाळराव यांच्या पत्रव्यवहाराचा काही भाग अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात प्रसिद्ध झाला होता, आणि तो न्यू जर्सीमधील रोझेल या गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात योगायोगाने आला. ना ओळख, ना देख, ना धर्म एक, ना भाषा एक. तरीही त्या बाईंनी पत्र लिहिले, पत्रव्यवहार वाढत गेला, आणि जून महिन्यात आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाईंनी त्यांस आपल्या घरी नेले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वीचा तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलच्या त्या घरात काढला. लुगडे सुटले नाही, शाकाहार सुटला नाही, आणि कार्पेंटरबाईंच्या घरी त्यासाठी कोणी त्यांस अडविलेही नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. शाळा-महाविद्यालयांच्या इतिहासात या पदवीची नोंद होते, व ती व्हावयासच हवी. पण रोझेलचे घर नसते, तर ती पदवी मिळाली असती काय, हा विचार क्वचितच केला जातो.

ही एका कुटुंबाची गोष्ट झाली. अशा घरांची व्यवस्थित योजना पाश्चात्त्य देशांत उभी राहिली ती विसाव्या शतकात, आणि तिचे मूळ वर्गखोलीत नसून रणांगणात आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा पॅरिसजवळील न्यूयी येथील अमेरिकन रुग्णालयातर्फे जखमी सैनिकांना वाहून आणण्यासाठी काही अमेरिकन तरुण स्वयंसेवक पुढे आले. १९१५ मध्ये ए. पायट अँड्र्यू यांनी त्यांची संघटना बांधली. तीच पुढे अमेरिकन फील्ड सर्व्हिस या नावाने प्रसिद्धीस आली. दुसऱ्या महायुद्धात स्टीफन गलाटी यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेच्या रुग्णवाहिका उत्तर आफ्रिका व इटलीप्रमाणे भारत-ब्रह्मदेश सरहद्दीवरही धावल्या. युद्ध संपले, आणि या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला की, आता करावयाचे काय? त्यांनी जखमी शरीरे पुष्कळ उचलली होती. राष्ट्रे एकमेकांस ओळखत नाहीत तोवर ती पुन्हा उचलावी लागणार, हे त्यांस अनुभवाने कळले होते. म्हणून १९४६ मध्ये त्यांनी असे ठरविले, की रुग्णवाहिकांऐवजी आता शाळकरी मुलांची ने-आण करावयाची. १९४७ मध्ये दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले, तेथील कुटुंबांत राहिले व तेथील माध्यमिक शाळांत शिकले. पुढील काही वर्षांत जर्मनी व जपान या कालच्या शत्रुराष्ट्रांतील मुलेही त्यांत सामील झाली. ज्या घरातील मुलगा युद्धात पडला असेल, अशा घराने शत्रूच्या मुलास आपल्या टेबलाशी बसवून घ्यावयाचे, ही गोष्ट सोपी नव्हती. वर्षाअखेर या मुलांना बसमधून देशाचा फेरफटका घडवीत व अखेरीस राजधानी वॉशिंग्टनला नेत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अशा मुलांसमोर भाषण केले होते.

उन्हाळी सुट्टीच्या उपक्रमांचा उगम याच्याही आधीचा आहे. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट या गृहस्थांनी अमेरिकन मुलांचा एक गट स्वित्झर्लंडला नेला व तेथे युरोपीय मुलांसह छावणीत ठेवला. केवळ छावणीत एकत्र ठेवल्याने मने एकत्र येत नाहीत, असे त्यांस आढळून आले. मुले आपल्याच भाषेच्या सोबत्यांत रमतात. परका देश केवळ देखावा म्हणून उरतो. तेव्हापुढे त्यांनी प्रत्येक मुलास एकेका कुटुंबात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. आपल्या या उद्योगास त्यांनी 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग', म्हणजे आंतरराष्ट्रीय सहजीवनाचा प्रयोग, असे साधे नाव दिले. १९३४ मध्ये याच प्रयोगात जर्मनीस गेलेले सार्जंट श्रायव्हर हे पुढे १९६१ मध्ये अमेरिकेच्या 'पीस कोअर'चे पहिले संचालक झाले.

यानंतर हा विचार निरनिराळ्या रूपांनी पसरला. १९५१ मध्ये सिनसिनाटी येथे डॉ. डोरिस ॲलन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी अकरा वर्षांच्या मुलांचे पहिले आंतरराष्ट्रीय उन्हाळी ग्राम भरविले. मन पूर्वग्रहाने कठीण होण्यापूर्वीच मैत्री जुळली पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त होता. १९६२ मध्ये वेल्समधील सेंट डोनाट्सच्या किल्ल्यात कुर्ट हान यांच्या प्रेरणेने अटलांटिक कॉलेज सुरू झाले. निरनिराळ्या राष्ट्रांतील सोळा ते एकोणीस वर्षांची मुले दोन वर्षे एकत्र राहून तेथे शिकू लागली. १९६३ मध्ये फ्रान्स व जर्मनी यांनी करार करून दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय स्थापन केले, आणि सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढलेल्या या दोन राष्ट्रांची लक्षावधी मुले त्याच्या द्वारे परस्परांकडे जाऊन आली. २००१ च्या सप्टेंबरातील न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मोठी मुस्लिम लोकवस्ती असलेल्या देशांतील शालेय विद्यार्थ्यांसाठी केनेडी-लुगर योजना निर्माण केली व तीत भारताचाही समावेश केला. पाहा, की बहुतेक प्रत्येक योजनेच्या मागे एखादे युद्ध वा आघात उभा आहे. पुढील प्रवेशासाठी अर्जात एक ओळ वाढावी, या हेतूने यांपैकी एकही योजना जन्मास आली नाही.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोचला आहे. अटलांटिक कॉलेजच्या परंपरेतील महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशीच्या खोऱ्यात चालत आले आहे, व अनेक देशांची मुले तेथे येतात. म्हणजे परदेशातील मुलांशी सहवास घडावा म्हणून प्रत्येक वेळी समुद्रच ओलांडावयास हवा, असे नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. या संधींचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, दोन ते सहा आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम. दुसरा, एक सत्र किंवा वर्षभर कुटुंबात राहून तेथील शाळेत शिकणे. तिसरा, दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. पहिल्या प्रकारात विद्यापीठांच्या आवारात भरणारे महागडे वर्गही येतात. त्यांत शिकावयास मिळते हे खरे. पण अशा वर्गात प्रवेश मिळाला म्हणजे त्या विद्यापीठाच्या पदवीवर्गात प्रवेश मिळाला, असे मुळीच नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात धरावे. दुसऱ्या प्रकारात, अमेरिकेच्या विद्यार्थी-विनिमयाच्या नियमांप्रमाणे, आरंभी विद्यार्थ्याचे वय पंधराहून कमी व साडेअठराहून अधिक नसावे लागते, आणि यजमान कुटुंबास मुलास ठेवून घेण्याबद्दल मोबदला दिला जात नाही. वर्ष वाया जाऊ नये म्हणून परदेशातील अभ्यास आपले परीक्षामंडळ व शाळा मान्य करील किंवा नाही, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. आजारपणाचा विमा, अडचणीच्या वेळी भेटावयाची स्थानिक व्यक्ती व परतीच्या भाड्याची तरतूद या तीन गोष्टींची खात्री झाल्याखेरीज पैसे भरू नयेत.

परंतु वर ज्या मोबदल्याचा उल्लेख केला, त्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. परक्या देशातील कोणी एक गृहस्थ व गृहिणी आपल्या मुलास दहा महिने जेवूखाऊ घालतात, त्याचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसतात, आणि त्याबद्दल एक पैही घेत नाहीत. ही रीत आपणांस अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील कितीतरी गरीब विद्यार्थी पुण्यासारख्या गावी वार लावून जेवले. आठवड्याचे सात वार सात घरी पान मांडले जाई व त्यावर एकेक पिढी शिकली. त्या अन्नाचे ऋण मोठे आहे. मात्र ते पान बहुधा जात पाहून वाढले जाई. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास सहाय्य दिले. त्यापुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एकाच पंक्तीस बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. वॉट यांना स्वित्झर्लंडच्या छावणीत जे उमगले, त्याची जाण साताऱ्यात आठ वर्षे आधीच होती. मने जुळावयाची तर ताटाला ताट लागले पाहिजे.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझी नात परदेशी एका कुटुंबात शालेय वर्ष राहून आली. तिच्या पत्रांतून त्या घरच्या आईचा उल्लेख इतक्या वेळा येई, की सूनबाईंस थोडा मत्सरही वाटे. ती परतल्यावर आम्हांस विचारणा झाली, की सोळा वर्षांची एक परदेशी मुलगी आपण ठेवून घ्याल काय? घरात खोली होती. आम्ही दोन दिवस विचार केला. तिला आपले जेवण चालेल काय, तिच्या खाण्यापिण्याचे आपणांस चालेल काय, देवघराचे कसे, शेजारी काय म्हणतील, धाकट्याची परीक्षा आहे. अखेर 'सध्या सोयीचे नाही' असे कळविले. नात एवढेच म्हणाली, "आजोबा, त्यांना तरी कुठे सोयीचे होते?" मला उत्तर देता आले नाही. १८८८ च्या त्या सभेस मी मनात हसत आलो होतो. पण दाराच्या आतल्या बाजूची कडी माझ्याही घरी तशीच होती.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. शिष्यवृत्तिनिधीतून ज्या घरच्या मुलास परदेशवासासाठी साहाय्य मिळेल, त्या घराने पुढे केव्हातरी एका परक्या मुलास आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखवावी. तो मुलगा परदेशीच असला पाहिजे असे नाही. मुळशीत शिकणारी एखादी मुलगी सुट्टीत येईल, दुर्गम भागातला एखादा विद्यार्थी परीक्षेपुरता शहरात येईल. त्याची जात विचारू नये, म्हणजे झाले. अशा घरांची एक यादी मंडळाच्या कार्यालयात असावी. यास निधी लागत नाही. लागते ते एक जास्तीचे पान. या यादीत पहिले नाव माझ्या घराचे लिहावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.

डॉ. आनंदीबाई परत आल्या त्या आजारी होऊनच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, स्वतःच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या बाईंनी त्यांस जागा दिली. आजही तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा आहे. एका उन्हाळ्यापुरती घरी आलेली मुलगी त्या घराची कायमची लेक झाली. विद्यार्थ्यांच्या परदेशगमनाचा इतिहास लिहावयाचा, तर त्याचे पहिले पान आपल्या मुलीचे आहे. पण ते वाढले होते परक्या घराने. त्या ऋणाची फेड करण्याची सुबुद्धी आपणां सर्वांस लाभो.