माणकांचा बदख्शाँ आणि अफूची वाट

उर्दू शायरी शिकवताना ‘लाल-ए-बदख्शाँ’ हे शब्द वारंवार भेटतात. लाल म्हणजे माणिक. ओठांची लाली सांगायची झाली की फारसी आणि उर्दू कवी बदख्शाँच्या माणकाकडे वळतात. हा बदख्शाँ कवींच्या कल्पनेतला मुलूख नाही. पामीर पर्वतरांगांत, पंज नदीच्या काठी तो आजही आहे. मात्र त्याचे दोन तुकडे झालेले आहेत. नदीच्या उजव्या तीरावर ताजिकिस्तान आणि डाव्या तीरावर अफगाणिस्तान. गेल्या तीस वर्षांत हे नाव बातम्यांत येते ते माणकांमुळे नव्हे, तर अफू आणि हेरॉईनमुळे. असे का झाले आणि ते थांबवण्यासाठी शेजारी देशांनी काय केले, ते थोडक्यात पाहू या.

सुरुवात सरहद्दीपासून करावी लागते. १८७३ मध्ये ब्रिटन आणि रशिया या दोन साम्राज्यांनी आमू दर्या, म्हणजे वरच्या भागात पंज, ही अफगाणिस्तानची उत्तर सीमा मानली. १८९५ मध्ये पामीरमधली उरलेली रेषाही आखली गेली. रेषा आखणाऱ्यांना एकमेकांपासून अंतर हवे होते. नदीच्या दोन्ही काठांवर तीच शुगनी आणि वाखी भाषा बोलणारे, एकमेकांत सोयरीक असणारे लोक राहतात, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. पुढे सोव्हिएत राजवटीत ही सीमा कडेकोट बंद झाली. समोरच्या काठावरची माणसे डोळ्यांना दिसायची, पण भेटायला जाता येत नव्हते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि पुढच्याच वर्षी ताजिकिस्तानात यादवी पेटली. ती १९९७ पर्यंत चालली. पगार थांबले, कारखाने बंद पडले, पामीरमध्ये धान्य पोहोचेना. त्याच काळात पलीकडे अफगाणिस्तानातही युद्ध चालू होते आणि अफूचे पीक वाढत होते. उपासमार आणि बंदुका एकत्र आल्या की तस्करीला वेगळे आमंत्रण लागत नाही. नदी ओलांडून माल खोरोगला, तिथून पामीरच्या महामार्गाने किर्गिझस्तानातल्या ओश शहरात आणि पुढे कझाकस्तानमार्गे रशियात जाऊ लागला. वाटेवरच्या गावांतली तरुण पोरे नुसती हमाल राहिली नाहीत, ती स्वतःही व्यसनी झाली.

एकट्या देशाला हे आवरणे शक्य नव्हते. मे १९९६ मध्ये ताश्कंदला मध्य आशियातल्या पाचही देशांनी अमली पदार्थांविरुद्ध सहकार्याचा सामंजस्य करार केला. संयुक्त राष्ट्रांबरोबर त्यावर आगाखान विकास संस्थेचीही सही होती. पुण्यातल्या आगाखान पॅलेसमुळे हे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. पामीरमधले बहुसंख्य लोक इस्माईली, म्हणजे आगाखानांचे अनुयायी. यादवीच्या काळात या संस्थेने तिथे धान्य पोहोचवले होते. पोलिसी कामाच्या करारावर धान्य वाटणाऱ्या संस्थेची सही असावी, ही मला त्या करारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

१९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ताजिकिस्तानात अमली पदार्थ नियंत्रण संस्था उभी राहिली. अधिकाऱ्यांनी लाच घेऊ नये म्हणून त्यांना पगारावर जादा रक्कम दिली जाई. ताजिक-अफगाण सीमेवर २००५ पर्यंत रशियन सैनिक पहारा देत होते. ते गेल्यावर सुमारे साडेतेराशे किलोमीटरची ती डोंगराळ सीमा ताजिकांनी स्वतः सांभाळायला घेतली. मग अल्माटी येथे सात देशांचे माहिती आणि समन्वय केंद्र सुरू झाले. त्याचा करार २००९ मध्ये लागू झाला. मध्य आशियातले पाच देश, रशिया आणि अझरबैजान हे त्याचे सदस्य.

अशा केंद्राची गरज काय, हे एका उदाहरणाने सांगतो. ट्रकमध्ये माल सापडला की ड्रायव्हर पकडला जातो, मालक मोकळा राहतो. म्हणून १९८८ च्या व्हिएन्ना कराराने एक पद्धत मान्य केली. माल लगेच जप्त न करता, नजर ठेवून त्याला पुढे जाऊ द्यायचे आणि घेणाऱ्याला पकडायचे. पण हे करायचे तर एका देशाच्या पोलिसाने दुसऱ्या देशाच्या पोलिसाला विश्वासाने वेळ, वाट आणि गाडीचा नंबर सांगायला हवा. पाण्यावरून आणि सीमेवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांत असा विश्वास सहज येत नाही.

तो पुरेसा आलाही नाही. २०१० मध्ये मध्य आशियातून सुमारे ९० टन हेरॉईन गेले आणि त्यातले तीन टक्क्यांहूनही कमी पकडले गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. किर्गिझस्तानची नियंत्रण संस्था २००३ मध्ये स्थापन झाली, २००९ मध्ये बंद झाली, २०१० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि २०१६ मध्ये पुन्हा मोडीत निघाली. जिथे पीक येते तो अफगाणिस्तान तर अल्माटीच्या केंद्राचा सदस्यच नाही.

अशा बातम्या वाचून ‘मुस्लिम देशांचा हा धंदाच आहे’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडा आपल्या घराजवळचा इतिहास. अफूविरुद्धची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९०९ मध्ये शांघायला भरली, आणि चीनला छळणारी अफू बरीचशी हिंदुस्थानातून जात होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. त्या व्यापारात सगळ्या धर्मांचे व्यापारी होते आणि कर गोळा करणारे सरकार इंग्रजांचे होते. अफूला धर्म नसतो, गिऱ्हाईक असते. ती निर्यात कमी होऊ लागली ती १९०७ मध्ये, माल पाठवणारे आणि घेणारे असे दोन्ही सरकार करार करून बसले तेव्हा.

आता पिकवणाऱ्याकडे वळू. नशा हराम आहे हे अफगाण शेतकऱ्याला ठाऊक नाही असे कोण म्हणेल? पण त्याच्या मानेवर कर्ज आहे. फिक्हमध्ये ‘सलम’ नावाचा जायज व्यवहार आहे. पुढे येणाऱ्या पिकाची किंमत आधीच रोख द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला बियाणाला पैसा मिळतो. अफगाणिस्तानात अफूवर दिल्या जाणाऱ्या उचलीलाही ‘सलाम’च म्हणतात. व्यापारी हिवाळ्यात पैसे देतो, तेही बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास, आणि फेड अफूतच घेतो. गरिबाच्या सोयीसाठी असलेले नाव सावकारीला चिकटले. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला ही उचल वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणूनच नुसती बंदी टिकत नाही. जुलै २००० मध्ये तालिबानने लागवडीवर बंदी घातली. ८२ हजार हेक्टरांची लागवड वर्षभरात आठ हजारांवर आली आणि तीही बहुतेक तालिबानच्या ताब्याबाहेरच्या बदख्शाँमध्ये होती. २००२ मध्ये ती पुन्हा ७४ हजारांवर गेली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा बंदी आली. २ लाख ३३ हजार हेक्टरांवरून आकडा २०२३ मध्ये १०,८०० वर घसरला. पण २०२४ मध्ये तो थोडा वाढला आणि देशातल्या लागवडीचे केंद्र दक्षिणेकडून ईशान्येला, बदख्शाँकडे सरकले. त्याच वर्षी मे महिन्यात पीक नष्ट करायला आलेल्या पथकांविरुद्ध तिथले शेतकरी उठले आणि त्यात माणसे मेली.

या सगळ्यात आशेची जागा मला पंजवरच्या पुलांत दिसते. आगाखान संस्थेने २००२ मध्ये खोरोगजवळ आणि २००६ मध्ये इश्काशिमला पूल बांधले. दोन्ही काठांच्या लोकांसाठी तिथे बाजार भरू लागले. पूल झाला की तस्करांचीही सोय होईल, असे म्हणणारे होतेच. पण तस्कर पुलाआधीही नदी ओलांडत होते. पूल नसल्याने अडत होता तो आजारी माणूस, भाजीवाला आणि सासरी गेलेल्या लेकीला भेटू न शकणारा बाप.

सीमेवर पहारा हवाच, अल्माटीसारखी केंद्रेही हवीत. पण पहारेकऱ्याला नदीकाठच्या माणसाची साथ लागते, आणि ती साथ तो माणूस तेव्हाच देईल जेव्हा अफूशिवाय त्याचे कर्ज फिटेल आणि चूल पेटेल. हराम काय हे सांगणे सोपे आहे. हलाल रोजी पोहोचवणे हे खरे सहकार्य, आणि ते अजून बरेच बाकी आहे.